साठ पावलं आणि थर्मासचं झाकण

पत्राचा सारांश: विस्कॉन्सिनमध्ये राहणारे एक वाचक लिहितात. वय अडतीस, पेशाने ऑडिटर, बायको तिथलीच. सासऱ्यांची उत्तरेकडच्या जंगलात जुनी केबिन आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की सासरे, दोन्ही मेहुणे आणि सासऱ्यांचे एक जुने मित्र तिथे मुक्कामाला जातात. गेल्या वर्षी पहिल्यांदा जावयालाही बोलावणं आलं. बंदूक न घेता, नुसती सोबत म्हणून ते सासऱ्यांच्या शेजारी मचाणावर बसले. पहिल्याच सकाळी एक नर आला. वाचक तेव्हा कॉफी ओतायच्या बेतात होते. थर्मासचं झाकण हातातून सुटून मचाणाच्या लोखंडी पायरीवर आपटलं, हरणाने मान वर केली, सासऱ्यांनी गोळी झाडली आणि ती चुकली. त्यांचे हात थरथरत होते, हे वाचकांनी पाहिलं. खाली उतरून दोघांनी जागा तपासली. बर्फात रक्त नाही, केस नाहीत, फक्त एका बर्चच्या खोडात गोळीचा ताजा व्रण. मचाणापासून खुरांच्या ठशांपर्यंतचं अंतर वाचकांनी पावलांनी मोजलं. साठ भरलं.

रात्री केबिनमध्ये रिवाजाप्रमाणे, नेम चुकला म्हणून सासऱ्यांच्या शर्टाची मागची शेपटी कापली आणि वर्ष लिहून भिंतीवर ठोकली. तोवर हरीण आठ पॉइंटांचं, म्हणजे शिंगांना आठ टोकं असलेलं, झालं होतं आणि अंतर शंभर यार्ड. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत शिंगांना चौदा टोकं फुटली, अंतर तीनशे यार्डांवर गेलं, हरीण धावत सुटलं, वारा आला आणि एक फांदी आडवी आली. मग सासरे सगळ्यांदेखत जावयाकडे वळले, “तू होतास ना तिथे? सांग यांना.” जावयांनी सांगितलं, “सहा पॉइंट. साठ पावलं, मी मोजली. आणि ते उभं होतं.” क्षणभर शांतता, मग हशा. सासरेही हसले, पण त्या संध्याकाळी त्यांनी पुढे एकही गोष्ट सांगितली नाही. परतताना गाडीत दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजोबा खोटं बोलतात.”

यंदाचं बोलावणं बायकोच्या तोंडून आलं आहे, “बाबा विचारतायत, येणार का. नाही आलास तरी चालेल म्हणाले.” मुलालाही यंदा जायचं आहे. वाचक विचारतात: मी खरं बोललो, यात माझं चुकलं काय? माफी मागू का? यंदा पुन्हा साक्ष काढली तर खोटं बोलू का? आणि मुलाला काय सांगू?

नमस्कार.

माझी सव्वीस वर्षं याच राज्यात गेली. आमच्या घरात कुणी शिकार करत नाही. पण नोव्हेंबरातले ते नऊ दिवस कुणाला चुकत नाहीत. ऑफिसं अर्धी ओस पडतात आणि पेट्रोल पंपावर पहाटे चारला नारिंगी जाकिटांची रांग लागते. त्या रांगेत, कॉफीच्या यंत्रापाशी, केस कापायला बसल्यावर या गोष्टी वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत आल्या आहेत. त्या मला मनापासून आवडतात. हे आधीच सांगते, म्हणजे माझं माप कुठे झुकतं ते तुम्हाला कळेल.

तुमच्या पत्रात ‘साक्ष’ हा शब्द तीनदा आला आहे. मला वाटतं गाठ तिथेच बसली. “तू होतास ना तिथे? सांग यांना,” हे तुम्ही चौकशी म्हणून ऐकलंत. तुमचा पेशाच तो. कुणी आकडा पुढे केला की तो पावतीशी ताडून बघायचा. पण पोवाडा म्हणताना शाहीर मागे वळून झीलकऱ्यांकडे बघतो, तेव्हा झीलकरी सनावळी तपासत नाही, ‘जी जी रं जी’ म्हणतो. सासऱ्यांनी तुम्हाला तेवढंच मागितलं होतं. आणि ते मागितलं जाणं हा मान होता. मेहुण्यांना नाही, जुन्या मित्राला नाही, तुम्हाला. पहिल्याच वर्षी जावयाला झील धरायला उभं केलं, याचा अर्थ तुम्ही पाहुणे राहिला नव्हता.

हे राज्यच तसं आहे. दक्षिणेकडच्या बर्लिंग्टन गावात १९२९ पासून थापाड्यांचा क्लब आहे. सभासद व्हायचं तर एक डॉलर आणि एक थाप द्यावी लागते, आणि दरवर्षी आलेल्या थापांतून एकीला मानाने पहिला नंबर मिळतो. उत्तरेत राइनलँडरला १८९३ मध्ये यूजीन शेपर्ड नावाच्या माणसाने ‘होडॅग’ नावाचा शिंगांचा, पाठीवर काट्यांचा प्राणी सापडल्याची हूल उठवली. तीन वर्षांनी त्याने तो जिवंत पकडल्याचं सांगितलं आणि जत्रेत अंधाऱ्या तंबूत दाखवला. आत होतं लाकूड, बैलाचं कातडं आणि हलवायला तारा. बिंग फुटलं, पण गावाने शेपर्डला वाळीत टाकलं नाही. होडॅग आज त्या गावाचं चिन्ह आहे. तुमचे सासरे या मातीतले. त्यांच्या तोंडी चौदा पॉइंट आले, तेव्हा टेबलाभोवतीच्या एकाही मोठ्या माणसाने ते चौदा धरले नसणार. आणि तीनशे यार्ड? तुमच्या केबिनभोवती असतं तसल्या दाट जंगलात शंभर यार्डांपलीकडचं नीट दिसत नाही. मेहुण्यांना ते जंगल पाठ आहे. आकडा ऐकल्याबरोबर त्यांना कळलं की गोष्ट सुरू झाली.

या गोष्टींचं एक व्याकरण असतं, ते जरा सांगते, कारण यंदा तुम्हाला ते लागेल. चुकलेलं हरीण कधीच लहान नसतं. आजवर मला एकही माणूस भेटला नाही ज्याच्या हातून छोटं हरीण निसटलं. वजन नेहमी पोट साफ करायच्या आधीचं सांगतात, आणि ते काट्यावर नव्हे, ओढत आणताना कंबरेने केलेलं असतं. नराची शिंगं दर हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंतात नवी फुटतात, गोष्टीतली मात्र भर हिवाळ्यात, शेकोटीच्या उबेला वाढतात. आणि निमित्तं! स्कोपला धक्का लागला होता. चष्म्यावर वाफ धरली. हातमोजा जाड होता. सूर्य नेमका डोळ्यात आला. खारीने ओरडून घात केला. शेजारच्या माणसाने ट्रक सुरू केला. हरणाने मान खाली घातली, जणू त्याला गोळीची वेळ कळवली होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपली असली तरी ते अंगण विस्कॉन्सिनच्या प्रत्येक केबिनसमोर आहे. गंमत म्हणजे सासऱ्यांनी सांगितलेलं एक निमित्त पूर्ण खरं होतं. ‘फांदी आडवी आली’ म्हणाले ना? तुम्हीच लिहिलंय की बर्चच्या खोडात गोळीचा व्रण होता. म्हणजे आडवं आलं ते अख्खं झाड. सगळ्या गोष्टीत तेवढंच त्यांनी कमी करून सांगितलं.

आता शर्टाच्या शेपटीचं. पुष्कळ डिअर कॅम्पांत हा रिवाज आहे: नेम चुकला की शर्ट गेला. तुमच्या सासऱ्यांनी त्या रात्री आपली शेपटी हसत कापून घेतली आणि ती भिंतीवर आहे. म्हणजे नेम चुकल्याची कबुली झाली, शिक्षा झाली, नोंदही झाली. गुरुवारी टेबलावर तुम्ही उघड केलंत त्यातलं ‘चुकले’ हे कुणापासून लपलेलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती एकाच चुकीची दुसरी शिक्षा झाली, आणि या वेळी नातवासमोर.

तुम्ही विचाराल, मग मोजण्याला काही किंमतच नाही का? आहे. आणि ती या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळते. शिंगांच्या नोंदी ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ चा, थिओडोर रूझवेल्ट त्याच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या नियमाप्रमाणे शिंगं साठ दिवस वाळवल्याशिवाय मोजायची नाहीत, कारण ती आकसतात, आणि माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घ्यायचं. पॉइंट म्हणायला टोक निदान एक इंच लांब हवं, आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी. एरवी पदरचे चौदा पॉइंट जोडणारा माणूस टेप समोर आली की इंचाच्या आठव्या भागासाठी श्वास रोखून उभा राहतो. पूर्वी शिकार नोंदवायला हरीण घेऊन नोंदणी केंद्रावर जावं लागे. ही केंद्रं पेट्रोल पंपावर, दुकानात, बारमध्ये असत, आणि मी अशा एका पंपावर कितीदा उभी राहिले आहे. ट्रेलरचं फळकूट खाली पडे, आजूबाजूचे दहाजण वाकून बघत, कुणीतरी हातमोजा काढून शिंगांवर बोट फिरवत टोकं मोजे. तिथे शिंगं वाढवायची सोय नव्हती. २०१५ पासून नोंदणी फोनवर किंवा ऑनलाइन झाली. बघणारे दहाजण गेले. माझा अंदाज असा की तेव्हापासून टेबलावरच्या हरणांची शिंगं अधिक मोकळेपणाने वाढू लागली.

एक खरी हकिकत सांगते, ती याच राज्यातली आहे. १९१४ मध्ये डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणाने एक प्रचंड नर मारला. डोकं पेंढा भरून घ्यायला एका माणसाकडे दिलं. तो माणूस गाव सोडून गेला आणि डोकंही गेलं. पुढची पन्नास वर्षं जॉर्डनकडे उरली ती फक्त गोष्ट. अशी गोष्ट ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल, हे तुम्ही आता ओळखू शकाल. १९६४ मध्ये मिनेसोटातल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीत कुणीतरी तीन डॉलरला एक शिंगांची जोडी घेतली. रीतसर मोजली तेव्हा गुण २०६ पूर्णांक १/८ भरले, तेव्हाचा जागतिक विक्रम. जॉर्डनने पाहून सांगितलं, हे माझं हरीण. विक्रम त्याच्या नावावर लागायला १९७८ साल उजाडलं, आणि तो त्याच्या दोनच महिने आधी वारला होता. हे मी तुमच्या सासऱ्यांचे चौदा पॉइंट खरे ठरवायला सांगत नाही. पण माणूस फुगवून सांगतोय असं वाटलं, तरी आत खरं काहीच नसेल असं धरून चालू नये.

शिवाय तुमचे सहा कुठून आले? पावलं तुम्ही मोजलीत, ठसे बर्फात होते, ते मान्य. पण शिंगं पळून गेली. पहाटेचा उजेड, मागे काटक्यांचा गुंता, आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला नर आणि तुमच्याही छातीत धडधड. डोळ्यांच्या वर, कपाळालगत येणारी दोन लहान टोकं लांबून सहज निसटतात. आठ असतील आणि तुम्हाला सहा दिसले असतील. पहिल्या रात्री सासरे ‘आठ’ म्हणाले होते. चाळीसहून अधिक हंगाम पाहिलेल्या डोळ्यांचा तो आकडा मी इतक्या सहज मोडीत काढला नसता.

तरी तुमच्या बाजूचंही बोलते, कारण एका ठिकाणी तुम्ही योग्य जागी बोट ठेवलं आहे, फक्त वेळ चुकली. शिंगं कितीही वाढवा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. अंतराचं तसं नाही. साठ पावलांवर उभं असलेलं हरीण चुकणं आणि हात थरथरणं, हे दोन्ही तुम्ही पाहिलंत. याला शिकारी ‘बक फीवर’ म्हणतात, समोर नर आला की अंगात कंप सुटतो, मुरलेल्या माणसालाही सुटतो. कदाचित तेवढंच असेल. पण तुमचे सासरे सत्तरीकडे झुकले असणार. मोतीबिंदू सुरू होत असेल तर पहाटेच्या उजेडात तो आधी त्रास देतो. हात थंडीने कापतात, वयानेही कापतात. आणि ज्या माणसाची ओळखच ‘उत्तम नेमबाज’ अशी आहे, त्याला साठ पावलं हा आकडा स्वतःलाच सांगायची धास्ती वाटू शकते. तीनशे यार्ड म्हटलं की चुकणं माणसासारखं होतं. साठ म्हटलं की डॉक्टरकडे जावं लागतं. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण ते त्या संध्याकाळी गप्प का झाले याचं उत्तर मला शिंगांपेक्षा इथे जास्त दिसतं.

म्हणून बोला, पण एकटे असताना. आणि ‘तुमचे हात थरथरत होते’ अशी सुरुवात करू नका. हंगामाआधी रेंजवर जाऊन रायफलचा नेम तपासून घेणं हे शहाण्या शिकाऱ्याचं नेहमीचं काम आहे. “मला शिकायचंय, मला घेऊन चला,” म्हणा. ते खरंही आहे, कारण यंदा नुसतं सोबत बसण्यापेक्षा तुम्ही रीतसर शिकावं असं मला वाटतं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, नाहीतर मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करावी लागते. रेंजवर कागदाला पडलेली भोकं जे सांगायचं ते सांगतील. पन्नास यार्डांवर भोकं विखुरलेली दिसली, तर डोळे तपासायचं ते स्वतः काढतील, किंवा तुम्ही परतीच्या गाडीत काढा. टेकून झाडायचं, जवळच्या अंतरालाच झाडायचं, उजेड चांगला होईपर्यंत थांबायचं, अशा तडजोडी पुष्कळ म्हातारे शिकारी निमूट करतात आणि आणखी दहा हंगाम खेळतात.

माफीचं विचारलंत. खरं बोलल्याची माफी मागू नका, ती खोटी होईल. चारचौघांत बोलल्याची मागा. फोन तुम्ही स्वतः करा, बायकोकडून निरोप नको. “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं,” एवढंच. त्यापुढे ‘पण’ आला की माफी संपली. ‘नाही आलास तरी चालेल’ हा निरोप तुम्ही राग म्हणून वाचलात. मला त्यात संकोच ऐकू येतो. तुम्हाला तिथे अवघडल्यासारखं वाटलं असेल, या समजुतीने त्यांनी दार उघडं ठेवलंय. त्यात तुम्ही भारतीय असण्याचाही भाग असू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आपल्यातल्या अनेकांना बंदूक पाहूनच नको वाटतं, आणि हे सासऱ्यांनाही ठाऊक असेल. तुम्हाला मनातून जायचंच नसेल तर तेही सरळ सांगा. गप्पांचं निमित्त करून टाळू नका.

मुलाचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. “आजोबा खोटं बोलतात” यावर “नाही, ते गंमत करतात” एवढं उत्तर पुरणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला फरक कळतो, फक्त कुणीतरी तो दाखवावा लागतो. एखाद्या संध्याकाळी त्याला शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर न्या. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत शंभर यार्ड. एका टोकाला तुम्ही उभे राहा, दुसऱ्या टोकाला तो. मग त्याला सांगा, आजोबांचं हरीण अशी तीन मैदानं ओलांडून पलीकडे होतं, जंगलात, झाडांमागे. तो हसेल. त्या हसण्यात त्याला कळेल की हे आजोबांनाही माहीत होतं. पुढची ओळ तुमची: गोष्टीत तीन मैदानं चालतात, बंदूक हातात असताना अर्धं मैदानसुद्धा दहादा विचार करून. एवढ्यासाठी मला अंतराचा आकडा खुपतो. मोठ्यांना तो आकडा म्हणजे गंमत, पण यंदा मचाणाखाली उभ्या राहणाऱ्या पोराला ‘आजोबा तीनशेवर झाडतात’ हे खरं वाटू शकतं. प्रशिक्षणात शिकवतात ते चार नियम त्याच्याकडून आजोबांनाच पाठ करून घेऊ द्या: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कायम सुरक्षित दिशेला, आपण कशावर झाडतोय आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्याच्या कडीबाहेर. गोष्टी रंगवणारा माणूस हे नियम शिकवताना किती कोरडा आणि कडक होतो, हे मुलाला दिसलं की त्याचा प्रश्न निम्मा सुटेल.

असंच कोडं पडलेल्या इतर वाचकांसाठीही दोन शब्द. मासे, ट्रेक, तरुणपणची क्रिकेटची शतकं, घरोघरी असा एक शाहीर असतो. बायकांची पत्रं येतात, “हे चारचौघांत फेकतात आणि मला लाजल्यासारखं होतं.” तुम्ही एवढं बघा: ते ऐकून कुणी चुकीचं पाऊल टाकणार आहे का? नसेल तर झील धरा किंवा गप्प राहा, भांडं फोडू नका. पण शिकारीत काही बाबतींत गोष्ट चालत नाही. जनावर जखमी झालं असेल आणि कुणी ‘साफ चुकली’ म्हणत उठत असेल, तर तिथेच अडवा. रक्त, केस, ठसे शोधल्याशिवाय निघायचं नाही. तुम्ही आणि सासरे उतरून बघून आलात, ते फार चांगलं केलंत. शिकार झाली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत खरी नोंद. कमरेवरचा निम्मा पोशाख तरी नारिंगी, किंवा २०१६ पासून चालतो तसा झगझगीत गुलाबी. यावर कुणी ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ अशी बढाई मारली तर हसू नका.

आता यंदा ते पुन्हा तुमच्याकडे वळले तर काय, हे राहिलं. तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना मी एका ओळीवर अडकले. थर्मासचं झाकण. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंत: झाकण पडलं, हरणाने मान वर केली, गोळी चुकली. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तुम्ही तीन आकडे चोख दिलेत, सहा, साठ आणि उभं. झाकण दिलं नाहीत. हिशेबातली एक नोंद तुमच्याकडूनही राहिली, आणि नेमकी तुमच्या नावची.

पण मला त्याहून दुसरं काही दिसलं. सासऱ्यांनीही ते सांगितलं नाही. तुम्ही इतक्या बारकाईने सगळं लिहिलंय, त्यांनी झाकण काढलं असतं तर तेही तुम्ही लिहिलं असतंत. शर्टाची शेपटी कापली जात होती, सगळे हसत होते, तेव्हा त्यांच्याकडे एक अस्सल, साक्षीदारासह निमित्त हजर होतं: जावयाने आवाज केला. आयुष्यभर खारी, सूर्य आणि ट्रक यांच्यावर बिलं फाडणाऱ्या माणसाला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. ते त्यांनी गिळलं. वारा आणला, फांदी आणली, हरणाला पळवलं, तीनशे यार्डांवर नेऊन ठेवलं. थरथरते हात झाकायला असेल, मी मघाशी म्हटलं तसं. पण पहिल्यांदा आलेल्या जावयाला झाकायलाही असेल, आणि एकाच गोष्टीने दोन्ही झाकता येतं.

तेव्हा यंदा त्यांनी वळायची वाट बघू नका. जेवणं झाली, गोडाचा ‘पाय’ (pie) टेबलावर आला की तुम्हीच सुरुवात करा. सांगा की गेल्या वर्षी तुमच्या हातून झाकण पडलं. हे खरं आहे, त्यामुळे तुमच्या जिवाला घोर लागणार नाही. मग ते झाकण जरा मोठं होऊ द्या. लोखंडी पायऱ्या आठ असतील तर वीस होऊ द्या, एकेका पायरीवर ते वाजत खाली जाऊ द्या, त्या आवाजाने पलीकडच्या काउंटीतली हरणं उठून बसू द्या. कुणीतरी म्हणेल, चल, काहीही. तेव्हा सासऱ्यांकडे वळा आणि म्हणा, “तुम्ही होतात ना तिथे? सांगा यांना.”